रात्री 7 लाख 38 हजार, सकाळी 11 हजार

पत्र मोठं होतं, त्यातला मुख्य भाग देते. त्यात डिफाय हा शब्द येतो, तो म्हणजे बँक किंवा दलाल मधे न घेता नुसत्या प्रोग्रॅमवर चालणारा क्रिप्टोचा बाजार.

"ताई, मी 27 वर्षांचा. घाटंजी तालुक्यात आमची नऊ एकर कोरडवाहू. कापूस आणि तूर विकून आलेले, सोसायटीच्या कर्जासाठी बाजूला ठेवलेले धरून, 1 लाख 80 हजार मी टेलिग्रामवरच्या एका ग्रुपच्या भरवशावर एका डिफाय टोकनमध्ये टाकले. बाबाले सांगतलं नाई. एका रात्री साडेअकराला मोबाइलवर 7 लाख 38 हजार दिसत होते. आईले उठवून दाखवलं. ती म्हणे, यंदा बोर मारू. सकाळी सहाला पाह्यलं तर 11 हजार. टोकन तेवढीच आहेत, एकही कमी नाही. ग्रुपचा ॲडमिन म्हणतो, प्रोजेक्टवर फ्लॅश लोन ॲटॅक झाला, कोणाचा दोष नाही, 22 हजार भरले तर नवीन टोकन देऊन पूर्ण भरपाई होईल. एक मित्र म्हणतो, आता स्वस्त आहे, अजून घेऊन ॲव्हरेज कर. ताई, टोकन माझ्याकडेच आहेत तर पैसे गेले कुठं? सोसायटीचे 90 हजार 31 मार्चच्या आत भरायचे आहेत. घरात 14 क्विंटल सोयाबीन आहे, तेवढंच. रातभर डोळ्याला डोळा लागत नाही. बाबाले काय सांगू?"

भाऊ, सगळ्यात आधी ते 22 हजार. देऊ नका. उसने मिळत असतील तर घेऊ नका, कोणी आग्रह केला तर फोन ठेवून द्या. ज्याच्याकडे खरंच भरपाई द्यायला पैसे आहेत, तो त्यातून 22 हजार कापून उरलेले देईल. तुमच्याकडून आधी मागणार नाही. बुडालेल्या माणसाकडून परत पैसे काढायची ही ठरलेली पद्धत आहे. कोणी त्याला भरपाई म्हणतं, कोणी रिकव्हरी फी, कोणी व्हॉलेट उघडायचा चार्ज. ॲटॅक खरा झाला असेल तरीही ही मागणी खोटीच राहते.

आता तुमचा प्रश्न. पैसे गेले कुठं?

तुमचं टोकन जिथे विकलं-घेतलं जातं तिथे अडत्या नाही, बोली नाही. तिथे एक कोठी आहे, दोन कप्प्यांची. त्याला पूल म्हणतात. समजा एका कप्प्यात 10 लाख टोकन आहेत, दुसऱ्यात 10 लाख रुपये. भाव झाला 1 रुपया. नियम एकच, दोन्ही कप्प्यांचा गुणाकार बदलू द्यायचा नाही. एकाने येऊन 10 लाख रुपये ओतले. पैशाचा कप्पा 20 लाखांवर गेला, म्हणून टोकनचा कप्पा 5 लाखांवर यावा लागतो. ती 5 लाख टोकन त्याच्या हाती पडली. आता 5 लाख टोकनांसमोर 20 लाख रुपये, म्हणजे भाव दिसतो 4 रुपये. पैसा दुप्पट झाला आणि भाव चौपट. चढता भाव पाहून ग्रुपमधले लोक धावतात आणि सगळे मिळून 5 लाख ओततात. त्यांना मिळतात फक्त 1 लाख टोकन, म्हणजे एक टोकन पडलं 5 रुपयांना, आणि भाव सव्वासहावर जातो. मग तो पहिला माणूस आपली 5 लाख टोकन परत ओततो आणि 13 लाख 89 हजार उचलून निघून जातो. भाव येतो सव्वा रुपयाच्या आसपास. मागून आलेल्यांनी आपली 1 लाख टोकन विकायला काढली तर त्यांच्या हाती येतात 1 लाख 11 हजार. त्यांचे 3 लाख 89 हजार गेले, आणि त्याचा नफाही तेवढाच, 3 लाख 89 हजार. (कोठी वापरायची थोडी फी असते, ती इथे धरलेली नाही.)

कागदावर एकदा स्वतः मांडून पाहा. तुमच्याकडचं एकही टोकन कोणी चोरलं नाही, कारण चोरायची गरजच नव्हती. पैसे तुम्ही टोकन घेतलंत त्याच क्षणी कोठीत गेले होते, आणि तिथून ते दुसऱ्याने उचलले.

तुम्ही त्या रात्रीचा स्क्रीनशॉट पाठवलात ते बरं केलंत. त्यावर खाली बारीक अक्षरात लिक्विडिटी, म्हणजे कोठीत एकूण किती आहे ते, लिहिलेली आहे, सुमारे 10 हजार डॉलर. म्हणजे अंदाजे 9 लाख रुपये, तेही दोन्ही कप्पे मिळून. खरा पैसा त्याच्या निम्मा, साडेचार लाख. साडेचार लाखांच्या कोठीतून तुम्हाला 7 लाख 38 हजार कसे मिळणार होते? वरच्याच नियमाने मी हिशेब केला. त्या रात्री सगळ्यांच्या आधी, तुम्ही एकट्यानेच सगळी टोकन विकली असती, तरी 2 लाख 80 हजारांच्या आसपास मिळाले असते. तुमच्यासारखे शेकडो लोक त्या ग्रुपमध्ये तोच आकडा आपापल्या घरी दाखवत होते. आईला दाखवलेले 7 लाख 38 हजार कधी अस्तित्वातच नव्हते, भाऊ. तुम्ही हरलात ते 1 लाख 80 हजार. तेही फार आहेत, पण रात्री झोप घालवणाऱ्या हिशेबातून ते बाकीचे साडेपाच लाख काढून टाका.

हे मला लवकर कळतं त्याचं कारण आमचे बाबा. ते तालुक्याच्या बाजार समितीत मापारी होते. नव्या सोयाबीनच्या मुहूर्ताला मला सोबत न्यायचे. काट्याची पूजा झालेली असायची, दांडीला झेंडूची माळ, खाली फुटलेल्या नारळाचं पाणी. ज्याचं वाहन पहिलं आलं त्या शेतकऱ्याला शेला-टोपी. मग बोली सुरू व्हायची आणि व्यापारी हौसेने चढत जायचे, कारण सात पोत्यांना चढा भाव दिला तर त्यांचं जाणार किती? फळ्यावर खडूने तो भाव मोठ्या अक्षरात लिहायचे, दुसऱ्या दिवशी पेपरात यायचा. बाबा मला फळा दाखवून म्हणायचे, "हा सात पोत्यांचा भाव आहे पोरी, साऱ्या गावाचा नव्हे." एका वर्षी माझ्या मोठ्या काकांनी तो फळा वाचून त्याच दिवशी दुकानातून उधारीवर पंप उचलला. तिसऱ्या दिवशी त्यांचं सोयाबीन ढिगावर आलं तेव्हा फळ्यावर वेगळाच आकडा होता. ती उधारी फेडायला दोन हंगाम गेले. काकूची पाटली त्यात गेली, आणि ती तिने पुन्हा कधी केली नाही.

डिफायमध्ये होतं ते हेच, फक्त सात पोत्यांचा भाव तिथे मुद्दाम चढवला जातो.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण 11 ऑक्टोबर 2022 चं. सोलाना नावाच्या ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक कॉम्प्युटरांवर मिळून ठेवलेल्या व्यवहारांच्या वहीवर, मँगो मार्केट्स नावाचा प्लॅटफॉर्म होता. तिथे टोकन तारण ठेवून दुसऱ्यांच्या ठेवीतून कर्ज घेता यायचं. अवराहम आयझेनबर्ग नावाच्या माणसाने दोन खाती उघडली आणि सुमारे 1 कोटी डॉलर त्यांत घातले. एका खात्याने विकायचं, दुसऱ्याने घ्यायचं, दोन्ही त्याचीच. व्यवहार म्हणजे मँगोच्या स्वतःच्या टोकनच्या भावावरचा सौदा, भाव चढला की घेणाऱ्या खात्याचा फायदा. मग जिथे हे टोकन फार थोडं विकलं जायचं अशा बाजारांत जाऊन त्याने ते भराभर घेतलं. जवळपास 4 सेंटचा भाव थोड्या वेळात 91 सेंटला पोचला. प्लॅटफॉर्मला बाहेरचा भाव कळवणारी जी यंत्रणा असते, तिला ओरॅकल म्हणतात. तिने तो भाव जसाच्या तसा वाचला आणि सांगितला. यंत्राच्या लेखी तो माणूस एकदम श्रीमंत झाला, आणि त्या श्रीमंतीच्या तारणावर त्याने लोकांच्या ठेवीतले सुमारे 11 कोटी डॉलर कर्जाऊ उचलले. भाव परत आपटला. तारण उरलं मातेरं, आणि ठेवी रिकाम्या.

आपल्याकडे बाजार समित्यांमधून शेतमाल तारण कर्ज मिळतं. गोदामात माल ठेवायचा आणि किमतीच्या 75 टक्के उचल घ्यायची. मालाची किंमत धरताना बाजारभाव आणि सरकारने जाहीर केलेला भाव यांतला जो कमी असेल तो धरतात. मुहूर्ताचा फळा घेऊन कोणी गोदामात गेला आणि म्हणाला, माझ्या हजार क्विंटलला हाच भाव लावा, तर त्याला दारातूनच परत पाठवतील. हा नियम लिहिणाऱ्याने लिलाव जवळून पाहिलेला असणार. मँगोमध्ये असा नियम नव्हता. जाणकार प्लॅटफॉर्म आता एका क्षणाचा भाव न धरता काही वेळाची सरासरी धरतात, अनेक बाजारांतून भाव गोळा करतात. तरी फसतात. 2022 च्या एप्रिलमध्ये इन्व्हर्स फायनान्सवर सरासरी धरूनही दीड कोटी डॉलरच्या वर गेले, कारण ज्या कोठीची सरासरी काढली ती कोठीच लहान होती.

तुमचा ॲडमिन ज्याचं नाव घेतो ते फ्लॅश लोन खरोखर असतं. काहीही तारण न ठेवता कोट्यवधीचं कर्ज, अट एवढीच की घेणं, वापरणं आणि परत करणं एकाच व्यवहारात व्हायला हवं. परत झालं नाही तर तो व्यवहार कधी झालाच नाही असं ब्लॉकचेन धरते. सावकाराला धोका शून्य, म्हणून तारणाची गरज नाही. याचा अर्थ असा की भाव हलवायला स्वतःकडे पैसा असावा लागत नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये बीझीएक्सवर असे दोन हल्ले झाले, तेव्हा जगाला हे पहिल्यांदा नीट कळलं. मे 2021 मध्ये पॅनकेकबनी या प्रोजेक्टवर कुणीतरी असंच प्रचंड कर्ज उचलून कोठीतला भाव वाकवला, त्या वाकड्या भावावर यंत्राकडून लाखो नवीन बनी टोकन छापून घेतली आणि बाजारात ओतली. सुमारे 146 डॉलरचं टोकन 6 डॉलरच्या आसपास आलं. ज्यांच्याकडे ते टोकन होतं त्यांच्या व्हॉलेटमधलं काहीच हललं नव्हतं. तुमच्यासारखंच.

पण भाऊ, साडेचार लाखांची कोठी हलवायला फ्लॅश लोन कशाला हवं? चार-पाच लाख हाताशी असलेला कुणीही ती हलवू शकतो. ज्याच्याकडे सुरुवातीपासून ढीगभर टोकन आहेत त्याला तर तेवढेही नकोत, नुसती विकायला काढली की झालं. असे ढीग बहुतेक वेळा टोकन काढणाऱ्याच्याच घरात असतात. बाहेरच्याने केलं असो की घरच्याने, तुम्ही आज करायच्या गोष्टी त्याने बदलत नाहीत. "ॲटॅक" हा शब्द ऐकला की आपण सगळे एकाच होडीत बुडालो असं वाटतं, ॲडमिनही बिचारा वाटायला लागतो. त्या शब्दाने त्याला बरंच मोकळं केलंय.

मित्राच्या ॲव्हरेजच्या सल्ल्याबद्दल. तुरीचा भाव पडला तर तूर उरते. डाळ होते, खाता येते, पुढच्या महिन्यात कुणाला तरी लागतेच. या टोकनची गरज असलेला माणूस कोण आहे ते मला दाखवा. कोठीत नवीन पैसा ओतणारा तुम्हीच असाल, तर तुमच्या पैशाने भाव थोडा वर जाईल आणि ज्याच्याकडे अजून ढीग आहे तो त्या भावाला विकेल. एक रुपयाही नको.

व्हॉलेटचं काम आज संध्याकाळपर्यंत उरका. उरलेली टोकन विकली जात असतील तर विकून टाका. 11 हजार दिसतात तेवढे मिळणार नाहीत, हे आता तुम्हाला माहीत आहे. त्या प्रोजेक्टला व्हॉलेट जोडताना तुमची टोकन हलवायची परवानगी तुम्ही दिली असेल, ती चालूच असते. ती रद्द करा. नवीन टोकन घेण्यासाठी म्हणून ग्रुपवर जी लिंक येईल ती उघडू नका, आणि व्हॉलेटची किल्ली असलेले ते बारा शब्द कोणालाही सांगू नका, मदत करतो म्हणणाऱ्याला तर नाहीच.

तुम्ही अनोळखी माणसाच्या खात्यावर यूपीआयने पैसे पाठवून यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो टोकन) घेतलेत, हे वाचून मला जास्त काळजी वाटली. तो पैसा उलट्या बाजूने, विकून, तुमच्या खात्यात आला आणि पाठवणाऱ्याच्या खात्यावर कुठे फसवणुकीची तक्रार असली, तर पोलिसांच्या पत्रावरून तुमचं खातं गोठतं. ज्या खात्यात पीककर्ज येतं, सीसीआयचे कापसाचे पैसे येतात, ते खातं गोठलं तर पेरणीच्या तोंडावर कोणाकडे जाल? त्या खात्याचा या धंद्याशी संबंध आजपासून तोडा.

तक्रार नक्की करा. 1930 वर फोन करा किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर नोंदवा. ग्रुपचं नाव, ॲडमिनचे मेसेज, 22 हजारांची मागणी, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, टोकनचा पत्ता, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, ग्रुप नाहीसा व्हायच्या आत. पैसे परत मिळतील अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही. आयझेनबर्गचं नाव माहीत होतं, चेहरा माहीत होता. त्याने 6 कोटी 70 लाख डॉलर वाटाघाटी करून परतही केले. अमेरिकेत ज्युरीने एप्रिल 2024 मध्ये त्याला दोषी धरलं, आणि मे 2025 मध्ये न्यायाधीशांनी ते दोष टिकू दिले नाहीत. तुमच्या बाबतीत नावही नाही. तरी ती 22 हजारांची मागणी हा इथला, साधा, पकडता येण्यासारखा गुन्हा आहे, आणि तुमच्या तक्रारीने दुसऱ्या एखाद्या घरातले 22 हजार वाचू शकतात.

कराचं एका ओळीत सांगते. पत्रात तुम्ही म्हणता की याच वर्षी आधीच्या एका कॉइनमध्ये 14 हजार सुटले होते. त्यावर 30 टक्के कर आणि वर 4 टक्के उपकर, म्हणजे 4 हजार 368 रुपये लागतात, आणि या टोकनमधला तोटा त्यातून वजा करता येत नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी हे शेतीचं नाही. विवरणपत्र भरताना लपवू नका.

आता 31 मार्च. सोसायटीचं कर्ज वेळेत भरलं तर 3 लाखांपर्यंत व्याज लागत नाही, थकलं तर ती सवलत जाते आणि नवं-जुनं, म्हणजे जुनं फेडून नवं कर्ज घेणंही अडतं. 90 हजार उभे करायचे आहेत. 14 क्विंटल सोयाबीन आहे. 4,500 चा भाव धरला तर 63 हजारांचा माल. तुमच्या बाजार समितीत तारण योजना चालू आहे का ते उद्याच विचारून या. असेल तर 75 टक्क्यांनी 47 हजारांच्या आसपास उचल मिळेल, सहा महिन्यांसाठी, 6 टक्के व्याजाने, आणि माल तुमचाच राहील. नसेल तर विकून टाका, पण समितीच्या काट्यावर. गावात गाडी घेऊन फिरणाऱ्याला घाईघाईत देऊ नका. गरजू माणसाची घाई त्याला लांबूनच दिसते. उरलेल्यासाठी बाबांच्या भावाला किंवा मामाला विचारावं लागेल. ते विचारायला बाबाच जातील, तुम्ही नाही. म्हणून बाबांना सांगणं हे पहिलं काम आहे.

मी असं सुचवते. आधी आईला नाही, दोघांना एकत्र सांगा. आईला एकटीला सांगितलंत तर ती तुमच्यासाठी हे बाबांपासून लपवत बसेल, आणि त्या माउलीवर तो भार नको. रात्रीच्या जेवणानंतर नको, सकाळी वावरात जायच्या आधी. समोर कागद ठेवा. किती टाकले, किती उरले, सोसायटीचे किती, सोयाबीनचे किती येतील, तक्रारीचा क्रमांक. मोबाइल दाखवत बसू नका. बाबा चिडतील. चिडू द्या, मधे बोलू नका. नऊ एकर कोरडवाहू करणाऱ्या माणसाने एका पावसात याहून जास्त गेलेलं पाहिलंय. त्यांना जे लागेल ते पैशाचं नसेल, न विचारता केलंत त्याचं असेल. तेवढं कबूल करा, आणि "ग्रुपवाल्यांनी फसवलं" हे पहिलं वाक्य करू नका.

शेवटी तुम्ही झोपेचं लिहिलंय, त्याच्या खाली दोन ओळी खोडलेल्या आहेत. त्या मी वाचायचा प्रयत्न केला नाही, पण आपल्या यवतमाळ जिल्ह्यात राहून अशा खोडलेल्या ओळींकडे मी दुर्लक्ष करू शकत नाही. मनात जिवाचं बरंवाईट करायचा विचार एकदाही आला असेल तर 14416 लावा. टेलि-मानस आहे, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही मराठीत बोलता येतं. आणि आज रात्री एकटे झोपू नका, बाबांच्या शेजारी खाट टाका. 1 लाख 80 हजार दोन-तीन हंगामांत फिटतात. तुम्ही नसलात तर त्या नऊ एकरांत उभं राहायला कोण आहे?

बाबांशी बोलणं झालं की मला लिहा. सोसायटीचे गटसचिव काय म्हणाले आणि तारणाचं काय झालं, तेही कळवा. पत्र आलं की त्याच दिवशी उत्तर देईन.